वाळूला तिची वाट हवी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात पावसाळ्यानंतर गेलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘समुद्र आत येतोय, बंधारा कधी होणार?’ विचारणाऱ्याची काळजी खरी असते. त्याच्या वाडीतले दोन माड पडलेले असतात, कुंपण वाहून गेलेलं असतं, होडी ओढून ठेवायला जागा उरलेली नसते. मी किनाऱ्यांचा अभ्यास करतो हे कळलं, की प्रश्न माझ्याकडे वळतो. तेव्हा मी उलट विचारतो, ‘तुम्हाला वाचवायचं काय आहे? पुळणीमागची जमीन, की पुळण?’ बहुतेकांना या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. त्या एक नाहीत. जमीन वाचवण्याच्या नादात पुळण घालवून बसता येतं, आणि आपल्या देशात ते अनेक ठिकाणी झालेलं आहे. गेलेली पुळण आणि तिच्यामागच्या वाळूच्या टेकड्या परत आणता येतात का, येत असतील तर कशा, आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, याविषयी आज बोलायचं आहे.

वाळूचे तीन प्रवास

आधी पुळण म्हणजे काय ते पाहू. पुळण ही शेतजमिनीसारखी एका जागी पडून राहणारी जमीन नव्हे. ती प्रवासाला निघालेली आणि वाटेत थोडा वेळ थांबलेली वाळू आहे. हा प्रवास तीन दिशांनी चालतो.

पहिला प्रवास किनाऱ्यावरून समुद्रात आणि समुद्रातून किनाऱ्यावर. पावसाळ्यात उंच लाटा लागोपाठ येतात आणि पुळणीवरची वाळू ओढून नेतात. पण ती फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट बांध तयार होतो. मोठ्या लाटा मग त्या बांधावरच फुटतात आणि किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे समुद्रानं नेलेली वाळूच किनाऱ्याची राखण करत असते. दिवाळीच्या सुमारास समुद्र शांत होतो. मग सावकाश येणाऱ्या लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा रुंद होते. म्हणून ऑगस्टमध्ये किनारा पाहून ‘समुद्रानं खाल्लं’ म्हणणं घाईचं ठरतं. किनारा खरोखर मागे हटतो आहे की नाही, हे सांगायला अनेक वर्षं, एकाच महिन्यात, एकाच खुणेपासून मोजमाप घ्यावं लागतं.

दुसरा प्रवास किनाऱ्याच्या कडेनं. लाटा सहसा थोड्या तिरप्या येतात. लाट वर चढताना वाळूचा कण तिरपा वर जातो आणि पाणी उतरताना सरळ खाली येतो. असं वर्षभर, कोट्यवधी कणांचं चालू असतं. किनाऱ्यालगत वाळूची जणू एक नदीच वाहते. डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्या वाटेत आडवं काही बांधलं, की मग दिसते.

तिसरा प्रवास वाऱ्याबरोबर, किनाऱ्यावरून वर. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. उन्हाळ्यातल्या दुपारी जोराचा खारा वारा सुटतो. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू त्याच्याबरोबर टुणटुण उड्या मारत जमिनीकडे निघते. वाटेत एखादी वेल, गवताचा झुबका, पडलेली झावळी आली, की वारा तिथे मंदावतो आणि वाळू खाली टाकतो. वाळूच्या टेकडीचा जन्म असा होतो.

पुळणीची कणगी

ही टेकडी म्हणजे पुळणीची कणगी. सुगीत कणगी भरायची आणि पडत्या दिवसांत त्यातलं धान्य काढायचं, तसंच इथे चालतं. मोठं वादळ आलं, उधाणाच्या भरतीला लाटा वरपर्यंत चढल्या, की त्या टेकडीचा पायथा कापतात. ती वाळू पुळणीला मिळते आणि पाण्याखालचा बांध जाड होतो. वादळ सरल्यावर वाळू परत येते आणि वारा पुन्हा कणगी भरू लागतो. टेकडीचा थोडा भाग ढासळला म्हणून घाबरायचं कारण नाही, ती त्यासाठीच असते.

थोडा हिशेब करून पाहा. तीन मीटर उंच आणि पायाशी वीस मीटर रुंद अशी साधी टेकडी घेतली, तर तिच्या प्रत्येक मीटर लांबीत सुमारे तीस घनमीटर वाळू असते. म्हणजे एक किलोमीटर टेकडीत तीस हजार घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तर तीन हजार डंपर वाळू. हॉटेलातून समुद्र नीट दिसावा म्हणून आपण टेकडी सपाट करतो, तेव्हा एवढी शिल्लक मोडतो.

टेकडी बांधून ठेवणाऱ्या वनस्पतींत पहिला मान मर्यादवेलीचा. आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळट गुलाबी फुलं असलेली ही वेल तुम्ही नक्की पाहिली असेल. जिथपर्यंत उधाणाचं पाणी येतं, त्याच्या जरा वर ती सुरू होते. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून मर्यादवेल, असं या नावाचं नातं जुळतं. हे नाव ज्यांनी ठेवलं, त्यांनी किनारा नीट पाहिलेला होता. या वेलीचं वैशिष्ट्य असं, की अंगावर वाळू पडली तर ती मरत नाही. प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि ती वाळूतून पुन्हा वर येते. तिच्या जोडीला टोकदार पात्यांचं एक गवत असतं. त्याचे काटेरी चेंडू वाऱ्याबरोबर पुळणीवरून गडगडत जातात आणि जातील तिथे बी टाकतात. मागच्या, जास्त स्थिर भागात केवडा, उंडी, भेंड येतात. मग माडाची वाडी.

टेकडीचा आणखी एक उपयोग सहसा लक्षात येत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलक्या गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड लागतं, ते यामुळे. टेकडी गेली की विहिरीत खारं पाणी शिरायला वाट मिळते.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तमिळनाडूचा किनारा पाहिला. वाळूच्या टेकड्या शाबूत होत्या तिथे मागच्या भागाला संरक्षण मिळालं होतं, आणि टेकड्या सपाट केलेल्या ठिकाणी पाणी बिनअडथळा आत गेलं होतं.

वाळू जाते कुठे?

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळात देशाचा किनारा कसा बदलला, याचा नकाशा केला. सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत असल्याचं त्यात दिसलं. पण एक चतुर्थांशाहून अधिक किनाऱ्यावर वाळू साठतही होती. हा दुसरा आकडा विसरू नये. एका जागची धूप आणि दुसऱ्या जागची भर हा पुष्कळदा एकाच वहीतला जमाखर्च असतो.

या जमाखर्चात तूट येण्याची कारणं तीन. वाळू येणं बंद होतं, वाळू उचलली जाते किंवा तिची वाट अडते. नद्यांवर धरणं झाली की गाळ आणि वाळू धरणांत अडकते. कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांशी होणाऱ्या धुपेमागे हे एक मोठं कारण मानलं जातं. बांधकामासाठी खाडीतली आणि किनाऱ्यावरची वाळू उपसली जाते. आणि बंदरासाठी समुद्रात लाटा अडवणाऱ्या दगडी भिंती घातल्या, की किनाऱ्याकडेनं वाहणारी वाळूची नदी तुंबते. या सगळ्याला समुद्राच्या वाढत्या पातळीची जोड आहे. जगभरातली सरासरी पातळी १९०० पासून सुमारे वीस सेंटिमीटरनं वाढली आहे आणि वाढीचा वेग अलीकडे जास्त आहे. पण एखाद्या गावची पुळण दहा-वीस वर्षांत नाहीशी झाली, तर सगळा दोष हवामानबदलावर टाकण्याआधी शेजारी काय बांधलं गेलं, ते पाहावं.

भिंत काय करते?

धूप दिसू लागली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा. पुळणीवर येणारी लाट चढत चढत दमते, तिचा जोर वाळूत जिरतो. बंधाऱ्यावर आपटणारी लाट तशी दमत नाही. ती उलटून खाली येते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. पुळण खाली जाते, समोरचं पाणी खोल होतं आणि खोल पाण्यातून पुढच्या वर्षी आणखी मोठी लाट बंधाऱ्यापर्यंत पोचते. दगड घसरतात, पुन्हा दगड टाकावे लागतात. बंधाऱ्यामागे टेकडी असलीच, तर तिची वाळू कोंडून पडते. कणगी भरलेली आहे, पण घराला कुलूप, अशी स्थिती. आणि बंधारा जिथे संपतो, तिथून पुढे शेजारच्या वाडीत धूप सुरू होते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर किती पावसाळे घाव घालून गेले आणि किती वेळा डागडुजी झाली, हे त्या भागातल्या लोकांना मी सांगायला नको.

बंधारा कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. मागे दाट वस्ती आहे, रस्ता आहे, दुसरी जागाच नाही, अशा ठिकाणी तो लागतो. फक्त तो बांधताना आपण जमीन राखतो आहोत आणि बहुधा पुळण सोडून देतो आहोत, हे गावाला स्पष्ट सांगितलेलं असावं. पुळण गेली की रापणीला जागा जात असते, जाळी सुकवायला जागा जात असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला किंवा गोव्यातल्या मोरजीला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं दगडांवर चढू शकत नाहीत. त्यांना भरतीच्या वरची कोरडी वाळूच लागते.

पुदुच्चेरीची गोष्ट

आता या साऱ्याचं एक पूर्ण उदाहरण पाहू. ते आपल्या किनाऱ्यावरचं नाही, पूर्व किनाऱ्यावरच्या पुदुच्चेरीचं आहे. पण वाळू कशी जाते आणि परत आणायला काय करावं लागतं, हे दोन्ही तिथे एकाच गावात दिसतं.

पूर्व किनाऱ्यावर ढोबळमानानं मार्च ते ऑक्टोबर वाळू उत्तरेकडे सरकते आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे. उत्तरेकडचा प्रवास जास्त दिवस चालत असल्यानं वर्षाअखेरीस काही लाख घनमीटर वाळू उत्तरेकडे गेलेली असते. चेन्नई बंदराच्या भिंती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाल्या, तेव्हा ही वाळू बंदराच्या दक्षिणेला अडकली आणि आजचा मरीना बीच एवढा रुंद झाला. उत्तरेकडच्या रोयापुरमच्या बाजूला किनारा कापला गेला. मरीनावर भेळेसारखी सुंडल खात फिरणाऱ्या पर्यटकाला आपण उत्तरेकडच्या कोळ्यांच्या वाट्याच्या वाळूवर चालतो आहोत, हे कुणी सांगत नाही.

हेच पुदुच्चेरीत पुन्हा घडलं. गावाच्या दक्षिणेला अरियानकुप्पम नदीच्या मुखाशी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदर झालं. त्याच्या दोन भिंती समुद्रात गेल्या. दक्षिणेला वाळू साठू लागली, उत्तरेला गावासमोरची पुळण झपाट्यानं आटली. अडकलेली वाळू उचलून पलीकडे टाकत राहायची, ही गोष्ट बंदराच्या योजनेत गृहीत होती. पण हे काम जितकं आणि जितक्या नियमानं व्हायला हवं होतं, तितकं झालं नाही. मग गावाच्या रक्षणासाठी काळ्या दगडांची भिंत आली. समुद्राकाठचा तो देखणा रस्ता वाचला, पुळण मात्र गेली. एक पिढी अशी वाढली, की तिच्या लेखी पुदुच्चेरीचा समुद्र म्हणजे दगडांवर आपटणारं पाणी.

धूप तिथेच थांबली नाही. गावासमोर वाळू उरली नाही, म्हणून पुढे उत्तरेला जाणारी वाळूही थांबली. तमिळनाडूच्या हद्दीतल्या कोट्टकुप्पम, तंदिरायनकुप्पम या मच्छीमार गावांचा किनारा तुटू लागला, घरं पडली. तिथेही दगड आले, समुद्रात घुसणारे आडवे बांध आले आणि त्या प्रत्येक बांधाच्या उत्तरेला धूप पुढच्या गावात सरकली. ज्यांना बंदराचा काही फायदा नव्हता, त्यांच्या दारात बंदराचा खर्च जाऊन पडला.

पुदुच्चेरीत नागरिकांनी हा विषय लावून धरला. ‘पाँडीकॅन’ या नागरी संघटनेनं पुळण परत आणण्याची मागणी वर्षानुवर्षं चालू ठेवली. शेवटी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं एक योजना आखली. २०१८ मध्ये गावासमोर पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी पेटी बसवण्यात आली. तिचं वजन शेकडो टन. तिचं काम खडकाच्या बुडीत रांगेसारखं. लाट तिच्यावर आधीच फुटते, मागे पाणी शांत होतं आणि वाहती वाळू तिथे खाली बसते. सोबत बंदराच्या तोंडाशी उपसलेली वाळू किनाऱ्यावर आणून टाकली गेली. काही महिन्यांत सचिवालयासमोर पुन्हा पुळण दिसू लागली. दगडांपलीकडे पोरं वाळूत खेळताना दिसू लागली.

या यशातून काय घ्यायचं? पोलादी पेटी वाळू तयार करत नाही, फक्त थांबवते. वाळू येत राहिली तर ती साठवेल. न येता नुसती अडवली, तर उत्तरेकडच्या गावांचं आणखी नुकसान होईल. म्हणून बंदरातून वाळू काढून उत्तरेला देत राहणं, हाच मूळ उपाय. बाकीची यंत्रं त्याच्या मदतीला.

वाळू पोचवणारे देश

असं सतत वाळू पोचवणं जमतं का? ऑस्ट्रेलियात जमलं आहे. तिथे ट्वीड नदीच्या मुखाशी १९६०च्या दशकात भिंती वाढवल्या आणि उत्तरेकडच्या गोल्ड कोस्टच्या पुळणी आटल्या. नदीच्या एका बाजूला न्यू साउथ वेल्स राज्य, दुसऱ्या बाजूला क्वीन्सलँड. दोन्ही राज्यांनी मिळून खर्च वाटून घेतला आणि २००१ पासून तिथे कायमचा पंप चालू आहे. दक्षिणेकडची वाळू पाण्याबरोबर शोषून नळांनी नदीखालून पलीकडे सोडतात. वर्षाला साधारण पाच लाख घनमीटर. डंपरनं न्यायची म्हटली तर पन्नास हजार फेऱ्या, रोज सुमारे एकशे सदतीस. दोन राज्यांच्या सीमेवरचा वाळूचा प्रश्न एकत्र बसून सुटतो, हेही यात दिसतं.

नेदरलँड्सनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. त्याला समुद्रापासून वाचवणाऱ्या गोष्टींत वाळूच्या टेकड्यांचा वाटा मोठा आहे. तिथले किनाऱ्याचे लोक शतकानुशतकं टेकड्यांवर गवत लावत आले. १९९० मध्ये सरकारनं ठरवलं, की किनाऱ्याची रेषा मागे हटू द्यायची नाही आणि ते शक्य तिथे वाळू टाकूनच करायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून वर्षाला सरासरी एक कोटी वीस लाख घनमीटर वाळू ते समुद्राच्या तळातून काढून किनाऱ्याला देतात.

२०११ मध्ये त्यांनी हेगजवळ वेगळाच प्रयोग केला. दरवर्षी थोडी थोडी वाळू टाकण्याऐवजी दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी, आकड्याच्या आकाराच्या द्वीपकल्पासारखी टाकली. नाव दिलं ‘वाळूची मोटर’. ही वाळू पुढची वीसेक वर्षं लाटा, प्रवाह आणि वारा यांनीच किनाऱ्यावर वाटून द्यावी, अशी कल्पना. तसं घडतही गेलं. ढीग पसरत गेला, दोन्ही बाजूंच्या पुळणी रुंद झाल्या, वाऱ्यानं नव्या टेकड्या रचायला घेतल्या. समुद्राला शत्रू न मानता मजुरीला लावण्याचा हा प्रकार आहे.

यातलं एक तांत्रिक पथ्य सगळीकडे लागू आहे. टाकायची वाळू मूळ वाळूसारख्याच जाडीची, किंवा थोडी जाड असावी. खाडीतला बारीक, चिखलट गाळ आणून टाकला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि पैसेही त्याच्याबरोबर जातात.

आपल्या हातातलं काम

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, एवढा पैसा आणि यंत्रं आपल्या गावाला कुठून? पण पुळणीचा दुसरा भाग, म्हणजे टेकडी, गावाच्या हातात आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरसोंडांच्या मध्ये वसलेल्या आहेत. त्यांतली बरीच वाळू त्याच खिशात आत-बाहेर फिरते. अशा ठिकाणी वाळूचा साठा शाबूत असेल आणि फक्त टेकडी मोडली असेल, तर ती वाऱ्याकडून परत बांधून घेता येते.

पहिलं काम तुडवणं थांबवणं. टेकडीवरून गाड्या, घोडे, पर्यटकांच्या पन्नास पायवाटा गेल्या, की वेल मरते आणि त्या फटीतून वारा वाळू उडवून मागे नेतो. पण किनारा बंद करून चालणार नाही. कोळ्यांच्या होड्यांना आणि माणसांना ठरावीक दोन-तीन वाटा हव्यात. त्या सरळ नसून जराशा तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे वारा आणि उधाणाचं पाणी थेट आत घुसत नाही. शक्य असेल तिथे जमिनीपासून उचललेली लाकडी पायवाट करावी. कोळीवाड्याला विचारल्याशिवाय घातलेलं कुंपण आठ दिवस टिकत नाही आणि टिकूही नये.

दुसरं काम वाळू धरणारं कुडण. पुळण रुंद झाल्यावर, खारा वारा जोर धरण्याआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत ते घालावं. बांबूच्या चिव्या, काठ्या, झावळ्या चालतात. यातलं मर्म असं, की कुडण भरीव नको. निम्मी जागा मोकळी असावी. भरीव भिंतीशी वारा गरगरतो आणि वाळू उकरतो. फटीतून जाणारा वारा मंदावतो आणि वाळू खाली ठेवून जातो. कुडण बुडालं, की त्याच्यावर दुसरं.

तिसरं काम लागवड. पाऊस सुरू झाला, की उधाणाच्या रेषेच्या वर मर्यादवेलीचे चार-पाच पेरांचे तुकडे निम्मे वाळूत पुरून लावावेत. पावसाचं गोडं पाणी मिळालं, की मुळं धरतात. समोर वेल आणि गवत, मागे केवडा, त्याच्या मागे उंडी-भेंड, हा निसर्गाचा क्रम मोडू नये.

इथे सुरूबद्दल बोलणं भाग आहे. आपल्याकडे किनारा राखायचा म्हणजे सुरू लावायचे, असं समीकरण झालं आहे. सुरूची बनं वारा अडवतात, सावली देतात, हे खरं. पण तो आपल्या किनाऱ्याचा मूळचा वृक्ष नाही. त्याच्या काड्यांचा जाड थर पडला, की खाली वेल, गवत उगवत नाही. पुळणीच्या अगदी तोंडाशी लावला, तर लाटांनी पायथा कापल्यावर तो मुळांसकट उन्मळतो. कासवांनाही अंडी घालायला मोकळी वाळू मिळत नाही. लावायचाच तर मागे लावा, समोरची जागा मर्यादवेलीची आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. १९९१ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेनं वाळूच्या टेकड्या सपाट करायला, त्यांचं रूप बदलायला मनाई केली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी टेकड्यांना सर्वांत संवेदनशील वर्गात ठेवलं. तरीही सुशोभीकरण, पार्किंग, हॉटेलची हिरवळ या नावांखाली टेकड्या जातात. याचं एक कारण असं, की त्या टेकड्या आहेत हेच कुणाला वाटत नाही. सातबाऱ्यावर किंवा नकाशावर त्या ‘पडीक’ दिसतात. म्हणून गावातली टेकडी कुठे सुरू होते, कुठे संपते, तिची उंची किती, हे शाळेच्या मुलांकडून मोजून घ्या आणि ग्रामपंचायतीत नोंदवून ठेवा. चार खांब रोवून दरवर्षी मे आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यापासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर टेपानं मोजलं, तर पाच-सात वर्षांत तुमच्याकडे अशी वही तयार होईल, जी घेऊन कुठल्याही अधिकाऱ्यासमोर बसता येईल.

टेकडी सगळ्याच ठिकाणी पुरेल, असं मात्र नाही. वाळूचा पुरवठाच तुटला असेल, तर कुडणात अडकायला वाळू येणार कुठून? तिथे आधी अडलेली वाळू सोडवावी लागेल. काही ठिकाणी समुद्राला जागा देऊन नवं बांधकाम मागे घ्यावं लागेल. आणि जिथे वाळू आणून टाकली, तिथे काम एकदा करून संपत नाही. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात. गेल्या वर्षी शाकारलं होतं म्हणून यंदा कुणी सोडून देत नाही. पुळणीची देखभाल त्याच प्रकारची आहे. एका बंधाऱ्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. दरवर्षीच्या शाकारणीचं उद्घाटन होत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसे मागणारे आपण असायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रामसभेत बंधाऱ्याचा विषय निघाला, तर चार प्रश्न विचारा. इथली वाळू कुठून येत होती? ती कुठे आणि कशामुळे अडली? हा बंधारा झाल्यावर समोरच्या पुळणीचं आणि शेजारच्या गावाचं काय होईल? आणि पाच वर्षांनी देखभाल कोण करणार, कुठल्या पैशातून? या चारांची उत्तरं कागदावर मिळाली, तर कदाचित बंधाराच योग्य ठरेल, कदाचित वाळू हलवावी लागेल, कदाचित टेकडीवरची पायवाट बदलून मर्यादवेल लावणं पुरेल. पण उत्तरं मिळण्याआधी दगडांचे ट्रक आले, तर आधी त्यांना थांबवा. पुळणीवर दगड पडायला आठवडा लागतो. पुदुच्चेरीला पुळण पुन्हा दिसायला तीस वर्षं जावी लागली.